मग पाय कशाला हलवायचे?

रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला गोळेवाडीच्या बाजूने टपऱ्यांवर चहाची पातेली चढतात, तेव्हा अजून नीट उजाडलेलंही नसतं. डोंगराची नुसती काळी कड दिसते, गवताचा ओला वास येतो, आणि चालत चढणारे, सायकलवाले, मोटरसायकलवाले सगळे एकाच वेळी येऊन पोचतात. अशाच एका टपरीच्या बाकाला एका तरुणाने नवी इलेक्ट्रिक माउंटन बाइक टेकवली होती. टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा अजून झिजले नव्हते. चहा गाळता गाळता मावशींनी सायकलच्या जाड नळीकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे, आणि विचारलं, "बॅटरीवरची हाय ना रं बाळा? मग पाय कशाला हलवायचं?" तो म्हणाला, "पाय नाही हलवले तर चालतच नाही, मावशी." त्यावर त्या लगेच म्हणाल्या, "मग बॅटरी कशाला?" त्याला काही सुचलं नाही. चहा संपवून, पैसे देऊन तो घाटाला लागला.

प्रश्न मात्र बाकावरच राहिला.

उत्तराची सुरुवात पायडलांच्या मधल्या आसापाशी होते. चांगल्या माउंटन बाइकमध्ये मोटर तिथेच, क्रँक म्हणजे पायडलांच्या दांड्या जोडतात त्या जागी बसवलेली असते आणि तिच्या पोटात पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असतो. पाय किती दाबतोय, किती भरभर फिरतोय, चाक किती वेगाने पळतंय, याची मोजणी सेकंदाला हजारवेळा होते आणि त्यावरून मोटर आपला वाटा घालते. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्ससारख्या मोटरमध्ये सर्वांत जोरदार मोडला तुमच्या १०० वॅटवर तिपटीहून जास्त भर पडू शकते. म्हणजे इथे पाय ओझंही ओढतात आणि मोटरला सांगतातही: आता थोडं, आता जास्त, आता पुरे. पायडल हलकं दाबलं की मोटरही हलकीच लागते, चढाला कंबर कसून दाबलं की तीही तितक्याच जोराने लागते. नव्या मालकाला वाटत असतं की मागून कोणीतरी ढकलणार. तसं काही होत नाही. आपलेच पाय आहेत, फक्त आज त्यांना चढ लागत नाहीये, असं वाटतं. पहिल्या काही मिनिटांत तर मोटर चालू आहे की नाही याचीच शंका येते. चढावर मध्येच ती बंद करून बघावी. सायकल एकदम चिखलात रुतल्यासारखी जड होते आणि शंका मिटते.

या संवेदनशीलतेची एक किंमत आहे. सिग्नलला उभं असताना सवयीने एक पाय पायडलावर टेकवून ठेवला, तर तो टेकलेला पायसुद्धा सेन्सरला हुकूमच वाटतो आणि सायकल पुढच्या रिक्षाकडे झेपावते. म्हणून चढताना, उतरताना आणि थांबल्यावर दोन बोटं ब्रेकवर हवीतच. बाकी सगळं नंतर शिकता येतं, हे मात्र पहिल्या दिवशी शिकावं.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कमी किमतीच्या सायकलींची तऱ्हा वेगळी. त्यांची मोटर बहुधा मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध असते, आणि पायडलापाशी जोर मोजणारा सेन्सर नसतो, नुसती चुंबकं बसवलेली एक चकती असते. तिला एवढंच कळतं की पायडल फिरतंय. पाऊण-एक फेरा झाला की मोटर लागते, आणि पाय थांबवल्यावर क्षणभर उशिरा सुटते. लहानपणी सीट धरून मागे कोणी पळायचं ना, तसं. सरळ रस्त्यावर ते सुखाचं असतं, पण तीव्र वळणावर तोच अर्ध्या सेकंदाचा उशीर अंगाशी येतो: पाय थांबलेत, हँडल वळलंय आणि मागून ढकलणं चालूच आहे. या सायकलींच्या ब्रेकच्या मुठीत मोटर तोडणारा स्विच असतो तो याचसाठी. वळणाच्या आत शिरण्याआधी मूठ नुसती किंचित ओढून धरायची, ब्रेक लागला नाही तरी मोटर सुटते. सायकल नवी असताना दोन्ही मुठींचे स्विच तपासून घ्यावेत. चाक उचलून पायडल हाताने फिरवायचं, मोटर लागली की एकेक मूठ ओढून बघायची.

अशा बहुतेक सायकलींना अंगठ्याने दाबायचा थ्रॉटलही असतो, आणि मग मावशींचा प्रश्न खराच अडचणीचा होतो. थ्रॉटल दाबला की पाय न हलवता चालते. सपाटीवर चालते. घाटात मात्र मोठी चूक होते, कारण हबमधल्या मोटरला सायकलचे गिअर वापरता येत नाहीत. चाक हळू फिरलं की तीही हळू फिरते. २५० वॅटची मोटर ताशी २० किलोमीटरला खुशीत असते, पण चढावर एकटीच्या जिवावर ७-८ ला आली की बॅटरीतून तेवढीच वीज ओढते आणि तिच्यातला मोठा भाग गुंडाळीत उष्णता होऊन जातो. हबला हात लावला तर चटका बसेल इतका तो तापतो. आतले दातेरी गिअर बहुधा नायलॉनचे असतात, आणि नायलॉनला उष्णता आणि जोर दोन्ही एकदम सोसत नाहीत. गडगड, खरखर असा आवाज यायला लागला तर ते दाते गेले. पाय हलवले म्हणजे चाकाचा वेग टिकतो, आणि वेग टिकला की मोटर थंड राहते. इथे पाय मोटरला वाचवतात.

मधल्या मोटरची दुखरी जागा चेन आहे. नव्या मालकाच्या पहिल्या घाटात एक आवाज हमखास येतो: पुढे चढ वाढलेला दिसतो, तो सवयीने गिअर टाकतो आणि मागून काठी मोडल्यासारखा कडाक्. माणसाचा आणि मोटरचा मिळून ८५ न्यूटन-मीटरच्या पुढचा जोर चेनवर असताना डेरेलर तिला एका दात्यावरून दुसऱ्यावर ओढत असतो. दाते वाकतात, चेनची एखादी पिन हलते, आणि तीच चेन दोन आठवड्यांनी भलत्याच ठिकाणी तुटते. उपाय सोपा आहे पण अंगवळणी पडायला महिना जातो. चढ येण्याआधी गिअर टाकायचा, आणि टाकण्याच्या क्षणी पायडल फिरतं ठेवून जोर अर्ध्या फेऱ्यापुरता काढून घ्यायचा. पाय फिरताहेत पण ढकलत नाहीत, अशी ती अवस्था. पायांचा वेग मिनिटाला ७५ ते ९० फेऱ्यांच्या मध्ये राहिला तर मोटर गार राहते आणि बॅटरीही पुरते. जड गिअरवर पाय रेटत चढणं हा आपल्याकडचा जुना पुरुषार्थ, या सायकलवर तो निव्वळ नुकसान आहे. चेन झिजण्याचं मोजमाप ठेवावं: चेक करण्याची पट्टी स्वस्तात मिळते, ०.५ टक्क्याचं टोक चेनमध्ये आत गेलं की चेन बदलायची. तिथे कंजुषी केली तर मागची सगळी कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा अख्खा संच जातो, आणि तिची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

आता मावशींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, मग बॅटरी कशाला? याला आकड्यांनीच उत्तर देता येतं, आणि मला हे आकडे फार आवडतात, कारण ते घाटाला जराही लहान करत नाहीत. माणूस ७५ किलो, सायकल २४, पाठीवर पाणी आणि हत्यारं ३, एकूण १०२. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत रस्ता साधारण ९ किलोमीटर, चढ हिशेबाला ६०० मीटर धरू. एवढं वजन एवढं वर उचलायला ६०० किलोज्यूल लागतात, म्हणजे १६७ वॅट-तास. दातेरी टायर रस्त्याला घासतात त्याचे आणखी पंचवीसेक. चाकापाशी मिळून १९० हवेत. बेताचा तंदुरुस्त माणूस १०० वॅट सलग देऊ शकतो. चाळीस मिनिटं दिले तर सत्तरच्या आसपास होतात. उरलेले १२० मोटरचे, आणि मोटरची गळती धरली तर बॅटरीतून साधारण १६५ वॅट-तास जातात. लाइट बिलाच्या भाषेत युनिटाचा सहावा हिस्सा.

एवढ्याच विजेसाठी ही सगळी खटपट.

पण याच हिशेबात नव्या मालकाची फसगतही आहे. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. शहरातून पायथ्यापर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर मोटर लावून आलात तर १४० तिथेच गेले, घाटाला १६५ गेले, आणि परतताना खडकवासल्याच्या आसपास पडदा काळा होतो. पुढचा रस्ता २४ किलोची सायकल पायांनी हाकायची. म्हणून जाणकार सपाटीला इको, म्हणजे सर्वांत कमी मदतीचा मोड ठेवतात किंवा मोटर बंदच करतात. तसंही आपल्याकडच्या नियमाने नोंदणी न लागणारी सायकल २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असावी लागते. २५ ला मोटर हात काढून घेते आणि त्यापुढे समोर भिंत उभी असल्यासारखं वाटतं. सिंहगड रस्त्यावर बारीक टायरच्या साध्या सायकलवाले शिट्टी वाजवत पुढे जातात ते याच कारणाने. आणखी एक बारकावा. पडद्यावरचे बॅटरीचे रकाने सपाटीवर पाहावेत, चढावर नाही. नावाला ३६ व्होल्टची असलेली बॅटरी पूर्ण भरली की ४२ व्होल्ट असते आणि ३० च्या जवळ येऊन स्वतःला तोडते. जोराच्या चढावर व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतं, शेवटचा रकाना लुकलुकतो, कधी मोटरच बंद पडते. दोन मिनिटं सावलीत थांबलं की रकाना परत येतो. तो परत आला म्हणून टर्बो, म्हणजे सर्वांत जोरदार मोड लावू नये, इकोवर घर गाठावं.

खरी माउंटन बाइक मात्र डांबरावर कळत नाही. ती कळते पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, जिथे काळ्या खडकाच्या पाठीवर सैल मुरूम पसरलेला असतो आणि पायाखालून जसा सरकतो तसाच चाकाखालूनही. तिथे जोर जास्त असणं ही अडचणच. सर्वांत हलक्या गिअरवर टर्बो लावून चढावर निघालं तर मागचं चाक मुरूम उडवत जागीच फिरतं, नाहीतर पुढचं चाक उचलतं आणि माणूस पाठीवर येतो. चढावर निघताना मोड खालचा, गिअर सर्वांत हलक्यापासून दुसरा-तिसरा, सायकल उताराला थोडी आडवी, बसणं सीटच्या अगदी टोकावर, कोपर खाली आणि छाती हँडलकडे. एक पाय टेकलेला, दुसरा पायडलाच्या वरच्या बाजूला; आधी ब्रेक धरून पायडलावर थोडा दाब द्यायचा, मग ब्रेक हळूच सोडायचा. खडकाच्या पायऱ्यांवर पूर्ण फेरा मारला की पायडल दगडावर आपटतं, म्हणून या सायकलींचे क्रँक बहुधा १६० ते १६५ मिलिमीटरचे, नेहमीपेक्षा आखूड दिलेले असतात. तिथे अर्धा-पाव फेरा मागेपुढे करत चढायचं. पाय थांबल्यावरही मधली मोटर क्षणभर ढकलत राहते. तो ढकला पायरीच्या नेमक्या वेळी आला तर मागचं चाक अलगद वर येतं. हे जमतं त्या दिवशी पहिल्यांदा ही सायकल आपली वाटते.

हवेचा आणि स्प्रिंगचा बंदोबस्त दुकानदारावर सोडू नये. दुकानात टायर बहुतेक दगडासारखे फुगवून देतात. २.६ इंचाच्या ट्यूबलेस टायरला ७५ किलोच्या माणसासाठी पुढे २० ते २१ आणि मागे २३ ते २४ पीएसआय पुरतात. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त, नाहीतर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमला चेपून सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. पुढचा फोर्क १५० मिलिमीटर दबणारा असेल तर त्याच्या चकचकीत नळीवरची रबरी कडी खाली सरकवून सगळ्या सामानासकट सायकलवर उभं राहावं, हलकेच उतरावं. कडी ३० मिलिमीटर सरकली म्हणजे हवा बरोबर. मागच्या शॉकला हाच बसका पंचवीस ते तीस टक्के. पहिल्या १०० किलोमीटरनंतर क्रँकचे, हँडलचे, ब्रेकच्या डिस्कचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. हबच्या मोटरवाल्यांनी मागच्या चाकाच्या तारा बोटाने छेडून बघाव्यात. सगळ्यांचा सूर जवळपास सारखा असावा. एखादी भद्द बोलली तर ती सैल आहे. वेळीच आउट काढून घेतला नाही तर शेजारच्या तारा एकेक करून तुटतात.

पंक्चरची रंगीत तालीम घरीच करावी, दिवसाउजेडी. हबची मोटर असलेलं चाक काढायला साधी किल्ली चालत नाही. आसाच्या दोन नटांना बहुधा १८ चा पान्हा लागतो, आणि तो मूळ हत्यारांत क्वचितच असतो. नटामागचे वायसर आणि दाते असलेली पट्टी कोणत्या क्रमाने होती त्याचा आधी फोटो काढावा, कारण ती पट्टी उलटी बसली तर मोटरच्या जोराने आसच गरगर फिरतो आणि वायर पिळून तुटते. मोटरची वायर मधेच एका जोडावर सुटते. तो जोड पिळायचा नाही, सरळ ओढायचा. परत लावताना दोन्ही बाजूंचे बाण समोरासमोर. पाठीवरच्या पिशवीत चार केबल टाय हवेतच, जुने कापावे लागतात. आणि चढण पायी चढायची वेळ आली तर वजाचं बटण दाबून धरावं: बहुतेक सायकलींत मोटर चालण्याच्या चालीने, ताशी सहाच्या आत, सायकल स्वतः वर नेते.

घरी आल्यावरची गोष्ट थोडक्यात. बॅटरी तापलेली असताना चार्जिंगला लावू नये, अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यावी. चार्जर तिचाच, जागा मोकळी, गादी-पडद्यांपासून लांब, आणि माणसं जागी असताना. पावसाळ्यात महिनाभर सायकल काढायची नसेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून ठेवावी. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर ती म्हातारी लवकर होते. चिखल धुताना जोराच्या पाण्याचा फवारा मोटरवर आणि बेअरिंगवर कधीही नको, बादली आणि ब्रशच बरा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर विकत घेण्याआधी ती एकदा खांद्यावर घेऊन जिना चढून बघा. २४ किलो म्हणजे घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा पाच-सहा किलोच कमी.

या सगळ्यात मन कुठे असतं? मला वाटतं ते दोन ठिकाणी असतं. टेकडीवर पहाटे येणाऱ्या लोकांना मोर दिसतात, धापा टाकत चढणाऱ्याला ते ऐकू येतात. मोटरच्या बारीक कुईं आवाजात मोराची पहिली हाक निसटते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चालणारे आजोबा मागून आलेल्या वेगाने दचकतात. चढावर सायकल ताशी पंधराने येईल अशी त्यांच्या मनाची तयारीच नसते, म्हणून लांबूनच घंटी, आणि जवळ आल्यावर पाय टेकून थांबणं, एवढं तरी देणं लागतं. मुरमाच्या पायवाटेवर मागचं चाक घसरवत चर पाडू नयेत. पहिल्या पावसात त्याच चरांतून माती वाहून जाते. दुसऱ्या बाजूला, गुडघे दुखायला लागल्यापासून ज्यांनी सिंहगड फक्त खालून पाहिला, त्यांना तो पुन्हा वळणावळणाने भेटतो, हेही मोठं आहे. एका सकाळी ते दोनदा चढतात. आणि मग एक गोष्ट कळते जी आधी कोणी सांगितलेली नसते: पाय ताजे राहतात, हात थकतात. दोनदा चढलं म्हणजे दोनदा उतरणंही आलं.

कारण वर नेताना जे ६०० किलोज्यूल घातले ते कुठेच गेलेले नसतात. बॅटरी ते परत घेत नाही. मधली मोटर असो की दातेरी गिअरची हब मोटर, उतारावर चाक तिच्यापासून सुटं फिरतं. थोडे हवा घेते, थोडे टायर घेतात, उरलेले सगळे दोन पातळ पोलादी डिस्कना खायचे असतात. ब्रेकच्या नव्या पॅडना ते लगेच जमत नाही. घाटात जाण्याआधी मोकळ्या रस्त्यावर ताशी वीस-पंचवीसवरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावावेत, चाक पूर्ण न थांबवता, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. उतारावर ब्रेक दाबूनच धरले तर पॅडना श्वास मिळत नाही, मूठ हँडलपर्यंत येते आणि जळका वास सुटतो. वळणाच्या आधी एकेका बोटाने जोरात, थोडा वेळ, दोन्ही ब्रेक. वळणात सोडून द्यायचे. पॅडचा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचे, आणि या वजनाच्या सायकलवर ती वेळ साध्या सायकलच्या कितीतरी आधी येते.

तो तरुण दीड तासाने खाली आला तेव्हा टपरीवर गर्दी झाली होती. सायकल पुन्हा त्याच बाकाला टेकवली. पुढची डिस्क थंड होताना बारीक टिक-टिक वाजत होती. तिची चमक बघून मावशींचा नातू बोट पुढे करायला लागला, तसा त्याने त्याचा हात झटकन धरला. "नको रे, तवा तापलाय." मावशी खाली वाकल्या, डिस्कपासून वीतभर अंतरावर तळहात धरला आणि ऊब घेतली.

"वर जाताना पाय हलवलंस, आन् तापलंय खाली येताना?"

या वेळी त्याला उत्तर सुचलं. तो चुलीवरच्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "जेवढा जोर लावून वर गेलो ना मावशी, तेवढ्यावर हे दोन लिटर पाणी उकळलं असतं." मावशींनी पातेल्यात डोकावून पाहिलं. पाणी नुकतंच तळाशी बुडबुडे धरत होतं. त्यांनी चहापूड टाकली, लाकूड थोडं आत सारलं आणि विचारलं, "साखर किती?"